लिफ्ट सुस्थितीत आहे

लेकीला इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच घ्यायचं आहे असं घरात ठरलं, तेव्हा तक्रारसाहेबांची छाती जरा फुगली. ते वीज कंपनीत होते ना! वीज कंपनीत म्हणजे तक्रार विभागात, आणि तक्रार विभागात म्हणजे काचेच्या खिडकीमागे. विजेशी त्यांचा आयुष्यात आलेला संबंध म्हणजे टेबलावरचा पंखा, आणि तोही बंद पडला की शिपायाला हाक. पण इमारतीतल्या लोकांना एवढा बारीक फरक कोण समजावणार? कुणाकडे दिवे गेले की लोक मेणबत्ती शोधायच्या आधी यांचं दार वाजवायचे. साहेब गॅलरीत येऊन अंधाराकडे गंभीरपणे बघायचे आणि म्हणायचे, "लोड आलाय." यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं, आणि यापलीकडे कुणी कधी विचारलंही नव्हतं. माणसाचा मान बहुतेक असाच टिकतो.

तक्रारसाहेब हे नाव इमारतीनेच ठेवलेलं. बायकोही रागावली की तेच वापरायची.

आता प्रश्न राहिला विद्यापीठाचा. लेकीला दोन ठिकाणी जागा मिळण्यासारखी होती. एक जुनं विद्यापीठ, दगडी, पोपडे धरलेलं. दुसरं नवं, सगळं काचेचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. यातलं एक निवडायचं, एवढंच काम. एवढ्याशा कामाला खरं तर घरातली तीन माणसं पुरे होती. पण साहेबांची उभी नोकरी अशा कचेरीत गेलेली, जिथे एकट्याने निर्णय घेणाऱ्या माणसाकडे लोक आजारी असल्यासारखे बघतात. चार जणांचा अभिप्राय घेतल्याशिवाय त्यांनी कधी चप्पलही विकत घेतली नव्हती.

अभिप्राय धावत आले. सल्ला ही एकच वस्तू अशी आहे, की शेजारी ती न मागता देतात आणि वापरली नाही तर रागावतात.

तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "विद्यापीठाचं पार्किंग बघा. पार्किंगला शिस्त असेल तर शिक्षणाला शिस्त असते."

"पण तिच्याकडे गाडी नाही हो, काका."

"गाडीचा प्रश्न नाही, साहेब. वृत्तीचा आहे."

समोरच्या शिकवणीवाल्या बाईंनी लेकीला आपादमस्तक न्याहाळलं. "हुशार आहे हो पोरगी. पण हातपाय काळे करायचं शिक्षण कशाला? कॉम्प्युटर घे म्हणावं. गार खोलीत बसायचं."

"मला मोटारी आवडतात, काकू. फिरणाऱ्या," लेक म्हणाली.

"लग्न झाल्यावर सगळंच फिरतं बाई," असं म्हणून काकूंनी विषय संपवला.

सगळ्यांत मोठा अभिप्राय होता लेकीच्या मामाचा. मामा घरोघर पाण्याचे फिल्टर विकायचे, त्यामुळे जगात शुद्ध काही उरलेलं नाही यावर त्यांचा ठाम विश्वास होता. "भावजी, ऐकीव माहितीवर जाऊ नका. प्रत्यक्ष बघायचं. मी येतो बरोबर. माझी नजर तयार आहे." मामा बरोबर येणं ही मदत असते की संकट, हे त्यांच्या बहिणीने तीस वर्षांत ठरवलं नव्हतं. भावजींनी मात्र पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

आधी काचेचं विद्यापीठ झालं. दारातच दोन मुली हसत उभ्या होत्या. त्यांनी साहेबांना 'सर' म्हटलं, गुबगुबीत खुर्चीत बसवलं आणि विद्यापीठाची मुद्रा असलेल्या कागदी पेल्यातून कॉफी दिली. ज्या माणसाला जन्मभर 'ओ खिडकीवाले' या हाकेची सवय, त्याला एका सकाळी एवढ्या वेळा 'सर' म्हटलं की तो माणूस तुमचा झाला. मग प्रयोगशाळा दाखवली. भिंतभर काच, काचेपलीकडे चकचकीत यंत्रं, यंत्रांवर प्लॅस्टिक.

"हे चालू करून दाखवता?" लेकीने विचारलं.

हसणारी मुलगी हसतच राहिली. "वॉरंटी आहे ना, मॅडम."

"मग मुलं शिकतात कशावर?"

"स्क्रीनवर सगळं दिसतं. अगदी खऱ्यासारखं."

लेकीने बापाकडे पाहिलं. बाप कॉफीच्या पेल्यावरची मुद्रा पाहत होता. तो पेला त्यांनी घरी आणला, विसळला आणि त्यात पेनं ठेवली.

नंतर जुनं विद्यापीठ. विद्युत विभाग सहाव्या मजल्यावर. लिफ्टपाशी पालकांची ही रांग. साहेब, मामा आणि लेक आत शिरले, आणि दार बंद होता होता हातात वायरचं भेंडोळं घेतलेल्या, बाहीला खडू लागलेल्या एक वयस्क बाई घुसल्या. लिफ्ट कण्हत वर निघाली. चौथा मजला गेला, पाचवा यायचा होता. तेवढ्यात एक हिसका बसला, दिवा विझला आणि सगळं थांबलं.

"लोड आलाय," साहेब सवयीने म्हणाले.

"लोड नाही हो. दाराचा स्विच झिजलाय," अंधारातून बाई म्हणाल्या. "दार लागलंय की उघडं आहे, हेच या लिफ्टला कळत नाही."

साहेबांनी हाताला लागतील ती सगळी बटणं दाबली. मग दारावर थापा मारल्या. "मी वीज कंपनीतला माणूस आहे! मी वीज कंपनीतला आहे!" ते ओरडत होते. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मग आतूनच करा की दुरुस्त!"

मामा म्हणाले, "भावजी, दोर तुटला तर आपण किती वेळात खाली पोचू?"

साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो लेकीने त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"घाबरू नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "वीज गेली म्हणूनच आपण सुरक्षित आहोत. ए मुली, सांग बघू, लिफ्टचा ब्रेक लावायला वीज लागते की सोडायला?"

"लावायला," साहेबांनी उत्तर दिलं. विचारलं लेकीला होतं.

"...सोडायला?" लेक अंदाजाने म्हणाली.

"का?"

"कारण... लावायला वीज लागत असती, तर वीज गेल्यावर लिफ्ट पडली असती."

"शाबास! स्प्रिंग ब्रेकला कायम आवळून धरते. वीज असते तोवर ती तेवढी स्प्रिंग मागे ओढून ठेवते. वीज गेली की स्प्रिंग आपलं काम करते. ज्याने कुणी हे पहिल्यांदा योजलं, त्याने आधी वाईटात वाईट काय होईल याचा विचार केला आणि मग लिफ्ट बांधली. इंजिनिअरिंग म्हणजे एवढंच गं."

त्या काळोख्या डब्यात बाई बोलत होत्या, लेक विचारत होती, आणि दोघींना आपण लटकलेलो आहोत याचं भानही उरलं नव्हतं. बाई विद्युत विभागाच्या प्रमुख निघाल्या. "तुमच्याच विभागाची लिफ्ट बंद?" मामांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "लिफ्ट बांधकाम विभागाकडे असते. आम्ही विजेचे, आम्हाला हात लावायची परवानगी नाही. मी वर्षानुवर्षं लिहितेय."

सुटका झाली, पण कशी? डबा अर्धवट पाचव्या मजल्यावर आलेला. लिफ्टवाल्याने वरून दार फाकवलं आणि एकेकाला काखेत हात घालून ओढून काढलं. लेक टुणकन वर गेली. बाई रोजच्या सवयीने चढल्या. मामाही गेले. साहेब मात्र कमरेपर्यंत बाहेर आणि कमरेखाली आत असे अडकले. समोर पालकांची रांग. "ओढा!", "श्वास सोडा!", "पोट आत घ्या, काका!" असे अभिप्राय चहूकडून येऊ लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना अभिप्राय नको झाले. शेवटी ते निघाले, पण एक बूट निघाला नाही. तो खालच्या फटीतून गेला आणि बऱ्याच वेळाने तळाशी पोचल्याचा आवाज आला.

"हे वीज कंपनीत मोठे साहेब आहेत," मामांनी रांगेला अभिमानाने सांगितलं.

एका पायात बूट घालून साहेब घरी आले. मामा त्यांच्या आधी पोचले होते, आणि इमारतीला सगळं कळलं होतं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "माझं ठरलं. मी जुन्या विद्यापीठात जाणार."

"त्या उंदराच्या सापळ्यात?"

"त्या बाईंनी अंधारात जेवढं शिकवलं, तेवढं मला दोन वर्षांत उजेडात कुणी शिकवलं नाही, बाबा."

"जीव गेला असता!"

"ब्रेक लागला होता. तुम्ही उगाच घाबरलात."

"मी घाबरलो नव्हतो. मी सावध होतो."

"सावध माणूस 'आई गं' म्हणून मामाच्या गळ्यात पडत नाही हो," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती लिफ्टमध्ये नव्हती, पण भाऊ होता.

आता इथे कुठल्याही बापाने दोन दिवस फुरंगटून मान तुकवली असती. तक्रारसाहेबांच्या हातात मात्र एक विद्या होती, आणि विद्या हातात असलेला माणूस दुखावला गेला की देवानेच सांभाळावं. तक्रार कशी लिहावी हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. 'गैरसोय' लिहिलं की कागद तळाशी जातो. 'मनस्ताप' लिहिलं की त्यावर चहाचा कप ठेवतात. पण 'जीवितास धोका' लिहून खाली योग्य ते कलम घातलं की कागदाला पाय फुटतात. म्हणूनच तर खिडकीशी आलेल्या लोकांना ते जन्मभर प्रेमाने सांगत आले होते, "आजी, गैरसोय लिहा. ते बरं दिसतं."

त्या दिवशी त्यांनी 'जीवितास धोका' लिहिलं. दोनदा लिहिलं. खाली अधोरेखित केलं आणि प्रती वरपर्यंत पाठवल्या. लिफ्टची खरोखर काळजी होती का? थोडी होती. पण खरं सांगायचं तर पोचपावती लेकीच्या ताटाशेजारी ठेवून त्यांना म्हणायचं होतं, "बघ, कुठल्या खड्ड्यात जाणार होतीस." पुढे काही होईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या खिडकीत आलेल्या तक्रारींचं कधी काही झालं नव्हतं.

हिचं झालं. कुणीतरी नवा, तरुण, अजून कामाचा उत्साह शाबूत असलेला विद्युत निरीक्षक आला होता. त्याने लिफ्ट पाहिली. मग तो पाहतच सुटला. वायरिंग पाहिलं, खटके पाहिले, तळघर पाहिलं, आणि सगळ्या इमारतीचा पुरवठा तोडून दाराला मोहोर लावली. विद्युत विभागाची वीज गेली. आक्षेपाचं निराकरण होईपर्यंत या शाखेचे यंदाचे प्रवेश स्थगित, अशी सूचना फाटकावर लागली.

इमारतीत जल्लोष झाला. "साहेब, काय तुमचा दरारा!" बँकवाले काका म्हणाले. "एका कागदात विद्यापीठ झोपवलंत!" कचेरीत फुलांचा गुच्छ मिळाला. वरिष्ठ मात्र चिंतेत होते. "चांगलं झालं हो," ते हळूच म्हणाले, "पण बाहेर फार बोलू नका. लोकांना सवय लागेल."

लेक ओरडली नाही, रडली नाही. ती उठून जुन्या विद्यापीठात गेली आणि दुपारी परत आली. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "बाई बाहेर पायऱ्यांवर बसून शिकवतात. जुन्या मुलांना. भिंतीवर खडूने लिहून."

आईने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"तुमचा अर्ज दाखवला त्यांनी मला. म्हणाल्या, तुझ्या वडिलांचं अक्षर सुरेख आहे. म्हणाल्या, मी इतकी वर्षं लिहिलं, मला एका ओळीचं उत्तर आलं नाही. यातल्या नक्की कुठल्या शब्दाने कागद हलतो, तेवढं विचारून ये." तिने पाण्याचा घोट घेतला. "रागावल्या नव्हत्या, बाबा. खरंच विचारत होत्या."



"काचेच्या ठिकाणी नाव घालू ना?" साहेब म्हणाले.

"नको. मी यंदा कुठेच जात नाही." आवाज शांत होता. त्यापेक्षा तिने ताट भिरकावलं असतं तर बरं झालं असतं.

बायको त्या रात्री एवढंच म्हणाली. "तक्रारसाहेब, लोकांच्या तक्रारींवर इतकी वर्षं बसून राहिलात. हीच एक तेवढी उठून धावायची होती?"

दुसऱ्या दिवशी साहेब निरीक्षकांच्या कचेरीत गेले. काचेची खिडकी, पण या खेपेला ते बाहेरच्या बाजूला. आतला कारकून मान वर न करता म्हणाला, "बोला." हा 'बोला' साहेबांचाच होता. तोच दोन अक्षरांचा, दार लावून घेतल्यासारखा.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"येत नाही."

"काहीतरी मार्ग असेलच. माझ्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

"खोटी होती असं लिहून द्या."

"खोटी नव्हती हो."

"खरी होती, तर मागे कशाला घेता?"

उत्तर नसलेला प्रश्न खिडकीतून कसा सरकवायचा असतो, हे साहेबांना या बाजूने प्रथमच समजलं.

"त्यापेक्षा लिफ्ट दुरुस्तच केली तर? वायरिंगही?" त्यांनी चाचरत विचारलं.

कारकुनाने आता मान वर केली. त्याच्या डोळ्यांत चक्क दया होती. "बांधकाम विभागाची मंजुरी, मग निविदा, मग हरकती. तुमची मुलगी कुठल्या वर्षाला आहे?"

"प्रवेशच घ्यायचाय."

"मग नातीच्या वेळेला होईल. आणि तक्रार खोटी होती असं दिलंत, तर आक्षेपच उरत नाही. परवा वीज चालू, तेरवा प्रवेश. बघा बुवा."

"पण तो तरुण निरीक्षक? त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलंय."

"त्याची बदली झाली."

प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आली होती. साहेबांनी पेन काढलं. मला विजेतील काहीही कळत नाही. लिफ्टमध्ये केवळ भित्र्या स्वभावामुळे गैरसमज झाला. इमारतीतील विद्युत व्यवस्था उत्तम असून लिफ्ट सुस्थितीत आहे. प्रत्येक शब्द त्या सुरेख अक्षरात. साक्षीदार हवा होता म्हणून मामांना बोलावलं. मामांनी मजकूर दोनदा वाचला आणि 'भित्र्या स्वभावामुळे' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "हे तर मी शपथेवर सांगेन."

"काय केलंत?" लेकीने घरी विचारलं.

"मिटवलं सगळं."

"लिफ्ट दुरुस्त होणार?"

"तू प्रवेशाचं बघ."

ती इतकी हरखली, की हे आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिने बापाला मिठी मारली. ती मिठी साहेबांना फार जड झाली.

पहिल्या दिवशी ते तिला सोडायला गेले. लिफ्टपाशी पुन्हा रांग होती. लिफ्टच्या दारावर, सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर, काचेखाली एक कागद लावला होता. 'लिफ्ट सुस्थितीत आहे' एवढं कुणीतरी लाल शाईने मोठं केलं होतं; बाकीच्या बारीक ओळी कुणी वाचत नव्हतं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, वीज कंपनी आणि ते सुरेख अक्षर.

लेकीने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग ती दाराच्या फटीजवळ वाकली आणि काहीतरी पाहून सरळ झाली.

"तोच स्विच आहे, बाबा."

"हळू बोल."

रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती, नवी बॅग छातीशी धरलेली. "अहो, इथली लिफ्ट अडकते म्हणतात. खरं का हो?"

लिफ्टवाल्याने साहेबांना ओळखलं. त्या दिवशी त्यांना ओढून काढणारा तोच होता. "कुणाला विचारताय? हेच ते साहेब. या कागदावर सही यांचीच आहे."

सगळी रांग साहेबांकडे वळली. कुणीतरी बाजूला सरून वाट दिली. इतक्या आदराने त्यांच्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या आदरात एक नजर तेवढी वेगळी होती. ती अगदी जवळून, त्यांच्या खांद्याच्या उंचीवरून त्यांच्याकडे पाहत होती आणि वाट पाहत होती.

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याने मोहोर पुन्हा लागली असती, प्रवेश पुन्हा थांबले असते, आणि या वेळी खोटं लिहून दिल्याबद्दल नोकरीलाही हिसका बसला असता.

"चांगली आहे लिफ्ट," साहेब म्हणाले. "मी वीज कंपनीत आहे."

लेकीने बॅग खांद्यावर सरकवली आणि ती जिन्याकडे गेली.

"या ना, साहेब, तुम्ही पुढे व्हा!" रांगेने त्यांना आग्रहाने आत घातलं. आता नाही कसं म्हणायचं? मागोमाग ते गृहस्थही मुलीला घेऊन शिरले आणि दार खडखडत बंद झालं. साहेबांनी डोळे मिटले. चौथा मजला गेला, पाचवा गेला. लिफ्ट एकदाही न अडखळता सहाव्यावर येऊन उभी राहिली. अडकली असती तर निदान देवाने आपली काही दखल घेतली असं तरी वाटलं असतं.

ते गृहस्थ बाहेर येऊन त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार उपकार झाले, साहेब. हिचं नाव आम्ही त्या काचेच्या विद्यापीठात हलवणार होतो. लिफ्टचं ऐकून मनात धाकधूक होती. पण म्हटलं, एवढा जाणता माणूस स्वतःच्या मुलीला इथे घालतो, तर मग..."

साहेबांना हात सोडवून घेता येईना. तोवर जिन्यावरून लेक आली, धापा टाकत, कपाळावर घाम. बापाशेजारून ती सरळ पुढे गेली आणि त्या गृहस्थांच्या मुलीपाशी थांबली.

"तू पण इलेक्ट्रिकलला?"

"हो."

"उद्यापासून माझ्याबरोबर जिन्याने येत जा," लेक म्हणाली.

ती हळूच बोलली होती. पण त्या व्हरांड्यात पंखा बंद होता, आणि सगळं ऐकू आलं.